भाव कळतो, अट कळत नाही

शहादा तालुक्यातल्या पुरुषोत्तमनगरला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आहे, पी. के. अण्णा पाटलांच्या पुढाकारानं उभा राहिलेला. आजूबाजूच्या शिवारात ऊस आहे, आणि त्याच्या जोडीनं पपई, केळी, कापूस, मिरची. त्यामुळं इथला शेतकरी एकाच वर्षात कारखान्याला ऊस घालतो, दिल्लीकडच्या व्यापाऱ्याला पपई देतो, जिनिंगला कापूस नेतो आणि बाजार समितीत मिरची ओततो. प्रत्येक ठिकाणी विक्रीची बोली निराळी. रेट, पेमेंट, ॲडव्हान्स, कमिशन हे शब्द इंग्रजी आहेत हे आता कुणाच्या ध्यानातही येत नाही. पण त्यांच्या मागून एफ.आर.पी., मार्जिन, क्लेम, डेबिट नोट, फ्लॅट रेट आले, आणि पैसे कुठं गळतात ते शेतकऱ्याला कळेनासं झालं.

यावर दोन मतं या भागात कायम ऐकू येतात. पोरांना हे शब्द शिकवा, असं एक. कागदच मराठीत करा, असं दुसरं. वाद नीट मांडता यावा म्हणून मी ती मामा आणि भाची यांच्या तोंडी घातली आहेत. मामांचा जन्म साखरविक्रीच्या टेंडरांत आणि जावक रजिस्टरांत गेला. भाची पुण्याला एम.बी.ए. करून परत आली आणि आता एका शेतकरी उत्पादक कंपनीचा व्यवहार बघते. शब्द शिकवा म्हणणारे मामा आहेत, मराठीचा हट्ट भाचीचा आहे.

मामा : हिवाळ्यात संध्याकाळचा वर्ग घेऊ. बारावी झालेली, शेतीत उतरलेली पोरं बोलवू. खरेदी-विक्रीतले शंभर-सव्वाशे इंग्रजी शब्द पक्के करून घेऊ. टेंडर म्हणजे काय, इन्व्हॉइस म्हणजे काय, डेबिट नोट कधी निघते. एवढं आलं तरी पोरगं कुठल्याही व्यापाऱ्यासमोर ताठ बसेल.

भाची : मामा, वर्गाला माझी ना नाही. पण तुम्ही ओझं शेतकऱ्याच्याच डोक्यावर ठेवताय. कागद लिहिणारा दुसरा, अट घालणारा दुसरा, आणि शिकायचं मात्र यानं. कागद लिहिणाऱ्यानं मराठीत लिहावा, एवढंच माझं म्हणणं.

मामा : तुला इंग्रजी येतं, म्हणून तुला मराठीचा आग्रह धरता येतो. ज्याला येत नाही त्याला तो परवडत नाही, पोरी.

भाची : मी भाषेच्या प्रेमापोटी बोलतच नाही, पैशाचं बोलते. ‘रिकव्हरी’ घ्या. कारखान्यावर रिकव्हरी म्हणजे साखर उतारा, वाढला की सगळे खूश. त्याच माणसाला बँकेतून फोन येतो, रिकव्हरीबद्दल बोलायचंय. तिथं ती थकबाकीची वसुली. मराठीत उतारा वेगळा आणि वसुली वेगळी, आणि हे दोन्ही शब्द शाळेत न गेलेल्या माणसालाही येतात. मग स्पष्ट सोडून संदिग्ध का घ्यायचं?

मामा : ‘उतारा’ म्हटल्यानं हिशोब येतो का? एफ.आर.पी., म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर भाव बघ. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्रानं उसाला क्विंटलमागे ३५५ रुपये धरले, टनाला ३,५५०. पण हा भाव १०.२५ टक्के उताऱ्याचा. उतारा त्याच्या वर गेला की प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे वाढतात, खाली आला की तेवढेच कमी होतात. साडेनऊ किंवा त्याहून कमी उतारा असेल तर ३२९ रुपये ५ पैसे, त्याच्या खाली नाही. म्हणजे शंभर टन ऊस घालणाऱ्याला ०.१ टक्क्याचा फरक ३,४६० रुपयांचा. शिवाय तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते ती वेगळीच. यातलं काय ‘उतारा’ या शब्दात दिसतं? हे शिकवावंच लागतं.

भाची : बरोबर. आणि हे तुम्ही आत्ता मला मराठीतच शिकवलंत, त्यात एक पैसाही राहून गेला नाही. म्हणजे मराठीत लिहिता येतं. मग बिलाच्या पाठीवर का नको? आणखी बघा, ऊस कारखान्याला घातल्यावर १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज, हे ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ मध्ये आहे. एफ.आर.पी. हे नाव गावात पोरासोरांना येतं. २००९ पर्यंत एस.एम.पी., म्हणजे वैधानिक किमान किंमत होती, मग एफ.आर.पी. आली, हेही जुने लोक सांगतात. पण चौदा दिवसांची आणि पंधरा टक्क्यांची अट विचारा. नाव पोचलंय, अट पोचलेली नाही.

या वाक्याशी मी थांबलो. बाजारातल्या इंग्रजीवर आपण जेव्हा भांडतो तेव्हा नावांवरच भांडतो. ‘डिस्काउंट’ म्हणावं की ‘सूट’, यावर सभा होतात, वर्तमानपत्रांत पत्रं येतात. शेतकऱ्याचा पैसा मात्र नावात जात नाही, अटीत जातो.

मामा : हे शब्द शेवटी आपलेच होतात, एवढं लक्षात घे. ‘लिलाव’ पोर्तुगीजांकडून आला, ‘पगार’ही. नफा, रक्कम, वसूल, दलाल अरबीतून. यातला एक जरी शब्द काढला तर बाजार समितीचं कामकाज बंद पडेल.

भाची : ते शब्द पिढ्यान् पिढ्या मुरले. घेणारा, विकणारा, तोलणारा, सगळ्यांना एकदमच कळले. आजचा शब्द पैसे मिळायच्या आधी आठ दिवस येतो, आणि तो आणणाऱ्यालाच फक्त त्याचा अर्थ ठाऊक असतो. ‘मार्जिन’चं सांगते. आपल्या बचत गटाच्या बायकांनी मिरची पावडर केली. नंदुरबारची मिरची म्हटल्यावर गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. एका मोठ्या दुकानानं विचारलं, आम्हाला पंचवीस टक्के मार्जिन द्याल का? बायकांनी हिशोब केला. किलोला खर्च २०० रुपये, त्यावर पंचवीस टक्के म्हणजे ५०, तर विक्री किंमत २५० ठेवू. दुकानाला त्याचे ५० जातील, आपले २०० सुटतील. पहिल्या खेपेला नफा नको, माल दुकानात लागू दे, एवढाच विचार.

मामा : आणि दुकानानं २५० चे पंचवीस टक्के कापले.

भाची : साडेबासष्ट रुपये. हातात आले १८७ रुपये ५० पैसे. किलोमागे साडेबारा रुपये खिशातून गेले, आणि जितका माल जास्त खपला तितका तोटा वाढला. २०० सुटायला हवे होते तर किंमत २६६ रुपये ६७ पैसे धरायला हवी होती.

मामा : मग माझंच म्हणणं खरं झालं ना! मार्जिन विक्रीच्या किमतीवर मोजतात, खरेदीवर जी भर घालतात तिला मार्कअप म्हणतात. हा फरक वर्गात एका संध्याकाळी शिकवता येतो. शब्द आला असता तर पैसे वाचले असते.

भाची : त्या बायका अडाणी नव्हत्या, मामा. दोघी दहावी पास होत्या. शाळेच्या गणितात शेकडा नफा नेहमी खरेदी किमतीवर काढायला शिकवतात. त्यांनी शाळेत शिकवलं तसंच केलं. दुकानानं कागदावर ‘विक्री किमतीवर शेकडा २५’ असे चार शब्द लिहिले असते तर त्यांनी तिथंच बोट ठेवलं असतं. ‘मार्जिन’ या शब्दावर बोट ठेवायला त्यांना जागाच दिसली नाही.

मामांनी यावर लगेच उत्तर दिलं नाही, आणि मला ते योग्य वाटतं. या उदाहरणात दोघंही बरोबर आहेत. शब्द शिकलेली बाई वाचली असती, आणि मराठीत अट लिहिलेल्या कागदानंही ती वाचली असती. फरक एवढाच की, वर्गात वीस जणी शिकतील आणि कागद दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला मिळेल.

मामा : तू कागद कागद करतेस. कागद कुणाशी करणार? पपईचा घेणारा दिल्लीचा, लखनौचा, जयपूरचा. शहाद्याच्या बाजार समितीत शेतकरी आणि व्यापारी बसून भाव ठरवतात, तो झाला इथला भाव. पण गाडी निघाल्यावर पुढं काय? ‘एफ.ओ.आर.’ म्हणजे काय ते पोराला माहीत नसेल आणि ‘डेस्टिनेशन’ शब्दावर त्यानं सही केली असेल, तर रस्त्यात सडलेलं फळ त्याच्या नावावर. माल कुठपर्यंत कुणाचा, हे सगळ्या जगात अशाच शब्दांनी ठरतं. उद्या केळी आखातात गेली तर तिथला माणूस काय मराठीत करार करेल? मराठीसाठी अडून बसशील तर तो गाडी पलीकडच्या गावात लावेल.

भाची : हे तुमचं मी मान्य करते. परराज्यातल्या, परदेशातल्या कराराला इंग्रजी लागेल आणि ते येणारा माणूस आपल्या कंपनीत असायलाच हवा. पण बांधावर उभा राहून पपई भरून नेणारा जो एजंट आहे, तो इथलाच. तो ‘जागेवर’ आणि ‘पोच’ हे शब्द रोज वापरतो. जागेवर म्हणजे गाडीत माल चढला की जोखीम घेणाऱ्याची. दिल्ली पोच म्हणजे दिल्लीत उतरेपर्यंत आपली. गेल्या हंगामात एका व्यापाऱ्यानं तोंडानं जागेवरचा भाव सांगितला, आणि चार दिवसांनी मोबाइलवर सडक्या फळांचे फोटो पाठवून ‘क्वालिटी क्लेम’ म्हणून पैसे कापले. तो शब्द आमच्या पोराला येत होता, मामा. अर्थासकट येत होता. नव्हती ती लिहिलेली अट. जागेवर दिलेल्या मालावर क्लेम बसत नाही, हे एक मराठी वाक्य पावतीवर असतं तर वाद कधीच मिटला असता.

मामा : लिहिलेल्या मराठीवर तुझा फार विश्वास आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं काढून जाळली. ती खतं काय इंग्रजीत होती? मोडीत लिहिलेली मराठीच ती. मजकूर आपल्या बोलीतला, अंगठा आपला, आणि जमीन सावकाराची. फार लांब कशाला, आपल्याच तालुक्यात १९७२ ला श्रमिक संघटना का उभी राहिली? अंबरसिंग सुरतवंतींच्या मागं भिल्ल का गेले? गहाणखतात, उसनवारीत गेलेल्या जमिनींसाठी. तेही कागद मराठीच होते. नंतर आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा आला तेव्हा कुठं सरकारनं मानलं, की अंगठा उठला म्हणजे संमती होतेच असं नाही. आजही धडगाव-अक्कलकुव्याची माणसं गुजरातेत ऊस तोडायला जातात ती ‘उचल’ घेऊन. शुद्ध मराठी शब्द! त्यानं मुकादमाचा हिशोब कुणाला कळला का?

भाची : नाही कळला.

मामा : आणि मराठी तरी कुणाची? इथं कुणाच्या घरी अहिराणी, कुणाच्या घरी गुजरी, डोंगराकडच्यांची भिली नाही तर पावरी. ‘उपरोक्त रकमेची परतफेड न केल्यास’ हे वाक्य भिल्ल बाईला इंग्रजीइतकंच परकं आहे. तुझा मराठी कागद तिच्यापर्यंत पोचतच नाही.

मामांचा हा मुद्दा मला सगळ्यांत जड वाटतो. पुण्या-मुंबईतला मराठीचा आग्रह हे विसरूनच बोलतो. दुकानांच्या पाट्यांचंच बघा. २०२२ मध्ये कायदा दुरुस्त झाला, पाट्या मराठी झाल्या, चांगलं झालं. त्याच दुकानांतली पावती इंग्रजीच राहिली. आवेष्टित मालावरचा सक्तीचा मजकूर तर नियमानंच हिंदीत किंवा इंग्रजीत लागतो. मराठी छापायची तर जास्तीची, ज्याची त्याची मर्जी.

भाची : सुप्याच्या दंग्यानंतरचं मात्र तुम्ही अर्धंच सांगितलंत. १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना. शेतकऱ्याचा दस्तऐवज गावनिबंधकासमोर व्हायला हवा, असं त्यात ठरलं. भरलेल्या पैशाची लेखी पावती, वर्षाचा हिशोब, पासबुक, हे मागायचा हक्क दिला. म्हणजे भाषा बदलली नाही, लिहिणारा आणि सही करणारा यांच्यामध्ये तिसरा माणूस बसवला. मला तेच हवंय. मराठीत लिहा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला त्याच्या बोलीत वाचून दाखवा. आपल्या प्रत्येक दस्ताच्या शेवटी छापलेलं असतंच, ‘वाचून दाखवले, समजले, मान्य आहे’. फक्त वाचून दाखवत कुणी नाही.

मामा : दाखवायला बसलं तर कामाची रांग कोण आवरणार?

भाची : कर्जाच्या बाबतीत आता तो नियमच आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना रिझर्व्ह बँकेनं महत्त्वाच्या बाबींचं एक पत्रक सक्तीचं केलंय. ते कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत हवं, समजावून सांगायला हवं, आणि समजलं अशी पोच घ्यायला हवी. त्यात सगळा खर्च धरून वार्षिक दर किती पडतो तेही लिहावं लागतं. एक लाखाला तीन वर्षं आठ टक्के ‘फ्लॅट’ म्हटलं की स्वस्त वाटतं. व्याज २४ हजार, हप्ता सुमारे ३,४४४. पण मुद्दल दर महिन्याला फिटत असतं, त्यामुळं खरा दर साडेचौदाच्या आसपास जातो. हे पत्रक पहिल्या पानावर मराठीत आलं की मोटारसायकल घेणारं पोरगं दोन दुकानं फिरून येतं. वर्गात न बसता.

मामा : पत्रक मागायचं असतं हे त्याला कोण सांगणार?

भाची : तुमचा वर्ग.

मामा : म्हणजे वर्ग हवाच.

भाची : हवाच. पण शंभर शब्दांचा नको. अटी विचारायचा हवा. भाव जागेवरचा की पोच? टक्का कशावर? वजन कुणाच्या काट्यावर आणि कटती किती? पैसे किती दिवसांत, आणि उशीर झाला तर काय? हे प्रश्न मराठीत, अहिराणीत, भिलीत पाठ करून घ्या. मग समोरच्यानं त्याला ‘क्रेडिट पिरियड’ म्हणू दे नाही तर आणखी काही.

मामा : शब्दही शिकवणार मी. दिल्लीवाल्याचा फोन आला की तुझे अहिराणी प्रश्न कामाला येणार नाहीत.

इथवर दोघं आले, आणि इथं त्यांचं जमत नाही ते जमलेलं दाखवायची मला गरज वाटत नाही. परराज्यातला बाजार हा मामांचा भक्कम मुद्दा आहे आणि तो शिल्लकच राहतो. दिल्लीचा घेणारा इथल्या बोलीत करार करणार नाही, आणि शेतकरी कंपनीत इंग्रजी जाणणारा माणूस नसेल तर तिचं नुकसान ठरलेलं आहे.

पण मुख्य वादात मी भाचीच्या बाजूचा आहे, आणि त्याला भावनेपेक्षा पक्कं कारण आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचं १३ वं कलम सांगतं, की दोन माणसं एकच गोष्ट एकाच अर्थानं मान्य करतात तेव्हाच त्यांची संमती झाली असं धरायचं. ज्या बाईनं पंचवीस टक्के खर्चावर धरले आणि ज्या दुकानानं ते विक्रीवर धरले, त्यांच्यात सही झाली, या अर्थानं संमती झाली नव्हती. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यानं जे सांगून ठेवलं ते आपण शेतकऱ्याच्या शिक्षणावर ढकलून मोकळे होतो. अट घालणाऱ्यानं ती कळेल अशी घालायची, ही जबाबदारी आधी त्याची आहे. नावं इंग्रजी राहोत, रेट आणि पेमेंट खुशाल राहोत. त्यांच्याशी भांडण्यात वेळ घालवू नये.

खर्च फार नाही. उसाच्या वजनपावतीची, बाजार समितीतल्या हिशोबपट्टीची आणि पपईच्या काटापट्टीची मागची बाजू बहुतेक कोरी असते. तिथं मराठीत पाच-सहा ओळी छापता येतात: भाव कशाचा, कपात कशाची, जोखीम कुठपर्यंत, पैसे कधी, उशिराचं व्याज किती. डोंगराकडच्या गावांत माल घेणाऱ्यांनी त्या ओळी भिलीत आणि पावरीत बोलून दाखवायला तिथलाच एक माणूस ठेवावा. सहकारी कारखाने, बाजार समित्या आणि शेतकरी कंपन्या या सगळ्या सभासदांच्या आहेत. येत्या वार्षिक सभेत हा ठराव सभासदांनीच मांडावा. आणि तोवर, वाचकहो, समोर आलेल्या कागदावरची अट मराठीत लिहून मिळेपर्यंत सही करू नका.